नवीन पाहुण्यांनी उभं राहावं

रविवार मला कधीच आवडला नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एका ठेकेदाराकडे वायरमन होतो आणि आठवड्याचे सहा दिवस बरे जायचे, कारण सहा दिवस माझ्यावर ओरडायला कोणीतरी असायचं. रविवारी तेही नसे. नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर माझी खोली होती. सकाळी कपडे धुवायचे, केंद्रातल्या कोळशाची राख निघेपर्यंत. ती कधीच पूर्ण निघत नाही, त्यामुळे वेळ चांगला जायचा. दुपारी खाणावळीत जेवायचं. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद, म्हणून दुपारच्याच दोन पोळ्या कागदात बांधून आणायच्या आणि दिवेलागणीला लोणच्याबरोबर खायच्या. शनिवारी काम सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायचा प्रसंग येत नसे. एका सोमवारी गेटवरच्या वॉचमनने काहीतरी विचारलं आणि माझा आवाजच फुटेना. "घसा बसला का?" तो म्हणाला. मी मान हलवली. घसा ठणठणीत होता, वापरात नव्हता इतकंच.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. मी सत्तावीस वर्षांचा होतो. गाव देवळ्याजवळ, घरी थोडी कांद्याची शेती. मी दहावीत असताना आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, दोन धाकटे भाऊ झाले. मला कोणी घराबाहेर काढलं नाही, हे आधीच सांगतो. लोकांना लगेच सावत्र आईची गोष्ट ऐकायची असते. ती बाई चांगली होती. फक्त ज्या घरात चार माणसांचा नीट मेळ बसला होता, तिथे मी पाचवा होतो. आयटीआय झाल्यावर नाशिकला आलो आणि मागे कोणी फारसं बोलावलं नाही. मीही फारसं गेलो नाही. माझा स्वभाव मुळात तुसडा. कोणी कणव दाखवली की नाकाला मिरच्या झोंबतात, आणि कोणी दाखवली नाही तर तेही मनात धरून ठेवतो.

कामावर एक वयस्कर फिटर होता. एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या मोकळा आहेस ना? आमच्या देवळातला स्पीकर घूं घूं करतोय. जरा बघून दे."

मला वाटलं मारुतीचं नाही तर खंडोबाचं असेल. सकाळी पत्ता शोधत पोचलो तर समोर चर्च. तो फिटर ख्रिस्ती आहे हे मला दोन वर्षांत ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्यातली जुनी माणसं चर्चला सरळ देऊळच म्हणतात हेही. मी देवळ्याचा, तो देवळातला, असा तो घोटाळा. सवयीने मी दारात चपला काढल्या. आत बघतो तर सगळे बूट-चपला घालून बसलेले. परत बाहेर जाऊन चपला घालणं लाजिरवाणं वाटलं, म्हणून तसाच अनवाणी भिंतीकडेने मागे गेलो. दोष अर्थिंगचा होता. वायर सुटली होती, ती जोडली. घूं थांबलं. पण तेवढ्यात उपासना सुरू झाली आणि बाहेर पडायचं तर भर माणसांतून जावं लागणार होतं. मी शेवटच्या बाकावर टेकलो.

गाणी झाली, प्रार्थना झाली. मग चर्चचे चष्मेवाले सेक्रेटरी पुढे आले आणि म्हणाले, "आज आपल्यात कोणी नवीन पाहुणे असतील तर त्यांनी कृपया उभं राहावं." फिटरने पुढच्या बाकावरून मागे वळून मला खूण केली. मी उभा राहिलो. खिशात टेस्टर, पाय उघडे. मी नाव सांगितलं.

"छान, छान. आणि मंडळी कुठली?"

"मंडळी नाही," मी म्हणालो. "अजून लग्न व्हायचंय."

अख्खं चर्च हसलं. पुढच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पोरं तर बाक वाजवून. मला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. आमच्याकडे लग्न न झालेल्या माणसाने याहून वेगळं काय सांगायचं? नंतर फिटरने समजावलं. त्यांच्यात मंडळी म्हणजे बायको नव्हे. एका चर्चमध्ये जमणारी सगळी माणसं मिळून मंडळी. तुमची मंडळी कुठली म्हणजे तुम्ही कोणत्या चर्चचे. मी कानापर्यंत लाल झालो होतो. परत या फाटकात पाय ठेवायचा नाही असं ठरवून निघालो, तर फाटकाशी एक म्हातारी बाई उभी होती. पांढरी सुती साडी, काळी छत्री, हनुवटीवर तीळ. ती म्हणाली, "जय ख्रिस्त." माझ्या तोंडून सवयीने "रामराम" गेलं. तीही तितक्याच सहजपणे म्हणाली, "रामराम. पुढच्या रविवारी चपला घालून ये. फरशी गार असते."

पुढच्या रविवारी मी गेलो. का गेलो याचं भारदस्त कारण सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. खरं कारण असं की त्या आठवड्यात भाजीबाजारात एका अनोळखी बाईने मला बघून आपल्या नवऱ्याला कोपर मारलं आणि म्हणाली, "अहो, ते बघा, मंडळी नसलेले." दोघं हसले. मला राग आला, आणि रागाच्या खाली खोल कुठेतरी बरंही वाटलं. नाशिकरोडला येऊन चार वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला रस्त्यात ओळखलं होतं.

दुसऱ्या रविवारी सेक्रेटरींनी पुन्हा तीच सूचना केली. नवीन पाहुण्यांनी उभं राहावं. मी राहिलो. तिसऱ्या रविवारीही राहिलो. चौथ्याही. यात माझी काय चूक? आमच्याकडे पाहुणा किती दिवस पाहुणा, हे पाहुण्याने ठरवायचं नसतं. मला वाटलं की आपलं नाव कुठेतरी लिहून घेतील आणि मग सांगतील की आता पुरे. सांगितलं कोणीच नाही. पहिल्या वेळी टाळ्या जोरात पडल्या होत्या, दुसऱ्या वेळी बऱ्या. चौथ्या वेळी दोन-तीन म्हाताऱ्यांनीच वाजवल्या. सेक्रेटरी माझ्याकडे बघून नुसते मान डोलवायचे. आणि मी सरळ उभा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

त्या रविवारांमध्ये मला खरं धरून ठेवलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. प्रार्थनेआधी ते विचारायचे की कोणाची काही विनंती आहे का. मग माणसं उठून बोलायची. माझ्या मुलाची बारावी आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सासूबाईंचा गुडघा दुखतो. धाकट्याला नोकरी नाही. शंभर-सव्वाशे माणसांसमोर गुडघ्याचं दुखणं देवाला सांगायचं, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून त्या गुडघ्यासाठी गंभीरपणे थांबायचं! मी थक्क होऊन बघत राहायचो. आमच्या घरात आई महिनाभर तापाने पडली होती तेव्हाही कोणी मोठ्याने काही बोललं नव्हतं. मला वाटायचं की आपणही उठावं. पण कोणासाठी विनंती करायची? माझ्याकडे कोणाचा गुडघाच नव्हता. हा विचार पहिल्यांदा आला त्या दिवशी मी खोलीवर जाऊन रडलो. कपडे भिजत घातले होते, ते सोमवारपर्यंत तसेच राहिले.

पाचव्या रविवारी मी उभा राहिलो तेव्हा पुढच्या बाकावर तीच छत्रीवाली बाई होती. ती पूर्ण मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बस खाली. किती दिवस पाहुणा राहणार?"

मी बसलो. परत कधी उभा राहिलो नाही.

ती बाई म्हणजे सिस्टरबाई. सगळे तिला असंच म्हणायचे. आयुष्यभर नर्स होती, आता निवृत्त. लग्न केलं नव्हतं. अगदी लहानपणी नगरकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगमध्ये कोणीतरी तिला आणून सोडलं होतं, कोणी ते तिलाही माहीत नव्हतं. हे तिने मला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं. तिच्या बोलण्यात लाडीगोडी नव्हती, म्हणून माझं तिच्याशी जमलं.

"रविवारी दुपारी काय करतोस?" तिने विचारलं.

"कपडे धुतो."

"ते सकाळी उपासनेआधी धू. दुपारी माझ्याबरोबर चल."

ती दर रविवारी दुपारी एका दवाखान्याच्या जनरल वॉर्डात जायची. ज्या पेशंटांना भेटायला कोणी येत नाही, त्यांच्याजवळ बसायची. हरसूलकडून, पेठकडून आलेली माणसं असत. बरोबरचा माणूस शेतीच्या कामाला परत गेलेला, आणि हे एकटे छताकडे बघत पडलेले. पहिल्या दिवशी तिने मला एका म्हाताऱ्याच्या कॉटजवळ स्टुलावर बसवलं आणि स्वतः पुढे गेली. मी तिच्यामागे धावलो. "मी काय बोलू त्यांच्याशी?"

"जेवलात का, विचार."

"आणि मग?"

"मग ते सांगतील. तुला वाटतं तेवढी माणसं मुकी नसतात."

म्हाताऱ्याने अर्धा तास सांगितलं. नागलीचं पीक, नातवाची शाळा, एक हरवलेली शेळी. निघताना म्हणाला, "परत ये रं. लय बरं वाटलं." मी जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात मी माझ्याबद्दल एकदाही विचार केला नव्हता. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तसा मी काही रातोरात बदललो नाही. पण कामावर, शिडीवर उंच उभा असताना, मनातल्या मनात बोलायला लागलो. आधी वाटलं स्वतःशीच बोलतोय. मग लक्षात आलं की स्वतःशी मी इतक्या सभ्यपणे कधी बोलत नाही. कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. ते कोण, हे मला वर्ष-दीड वर्षात हळूहळू कळत गेलं. मी पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलो आणि म्हणालो की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. त्यांनी विचारलं, का? मी म्हणालो, "रविवारी जायला जागा झाली." त्यांनी मला सहा महिने थांबायला सांगितलं. मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं की त्यांनी बरोबर केलं.

त्या सहा महिन्यांत मी गावी जाऊन वडिलांना सांगितलं. ते कांद्याच्या चाळीसमोर बसून माल निवडत होते. सडका एका बाजूला, चांगला एका बाजूला. मी सगळं सांगितलं. चर्च, माणसं, वॉर्ड. ते निवडत राहिले. मग त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं, "तठे तुले जेवाले देतस का?"

"नही," मी म्हणालो.

"मंग कसाले जास?"

जेवायलाही घालत नाहीत तर जातोस कशाला. त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसून अंधार पडेपर्यंत कांदे निवडले. आम्ही भांडलो नाही. पण त्यानंतर गावाकडून निरोप यायचे तेही थांबले. बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रत्येकाच्या घरची माणसं पहिल्या बाकावर बसतात. माझ्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या बाकावर सिस्टरबाई एकटी बसली होती, शेजारी छत्री ठेवून.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मंडळी म्हणजे शेवटी माणसंच. तिथली बहुतेक घरं तीन-तीन पिढ्यांची, एकमेकांत लग्नं झालेली. उपासना सुटली की अंगणात आत्या, मामा, व्याही यांची गर्दी व्हायची आणि मी उगाच कोणाच्या तरी स्कूटरला टेकून उभा. मला सगळे ओळखत होते. वायरमन म्हणून. कोणाचा मिक्सर, कोणाची इस्त्री, कोणाच्या घरचा फ्यूज. चहा मिळायचा, आभार मिळायचे. दर आठवड्याला एकेका घरी प्रार्थना असायची, तिची यादी नोटीस बोर्डावर लागायची. ती यादी मी दर महिन्याला वाचायचो. माझ्या खोलीचं नाव त्यात कधी आलं नाही. मीही कधी म्हटलं नाही की माझ्याकडे या. का म्हणू? त्यांना कळायला नको? अशी माझी चार-पाच वर्षं गेली. दरम्यान फिटर निवृत्त होऊन गावी गेला. लोकांच्या कमरेला मोबाइल आले. माझं लग्न जमलं नाही, एक-दोन ठिकाणी विषय निघाला आणि "घरचं कोण आहे?" या प्रश्नाशी येऊन थांबला.

मग फोटोचा दिवस आला. मंडळीच्या स्मरणिकेसाठी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कुटुंबाप्रमाणे उभं केलं. आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी, म्हणून फोटोग्राफरने हॅलोजन लावायला सांगितलं. अर्थातच मी शिडीवर. दिवा तिरका होत होता, म्हणून तो हाताने धरून उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, "सगळे आले का?" शंभर जण एका सुरात ओरडले, "आले!" आणि त्याने बटण दाबलं. दोनदा, तीनदा. मी दिवा धरूनच होतो. चटका बसत होता. वाटलं, आता कोणीतरी म्हणेल. फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत घातला, माणसं पांगली. मी शिडी घडी करून ठेवली आणि कोणाशीही न बोलता खोलीवर आलो.

मी ठरवलं की आता जायचं नाही. बघू या, किती रविवारांनी कोणाच्या लक्षात येतं. वय पस्तिशीकडे झुकलेलं आणि वागणं रुसलेल्या पोरासारखं, हे कळत होतं. तरी बसलो. पहिला रविवार. दुसरा. जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारायचे; शेजाऱ्यांचा पाहुणा निघायचा. वॉर्डातही गेलो नाही, तिथे सिस्टरबाई भेटेल आणि विचारेल म्हणून. तिने स्वतः यावं, अशी माझी इच्छा होती. तिसरा. चौथा. मी देवाशीही बोलणं बंद केलं. तोही त्यांच्याच बाजूचा असणार असं वाटायला लागलं होतं. त्या महिन्याइतका एकटा मी कधीच नव्हतो, नाशिकला नवा आलो तेव्हाही नाही. तेव्हा मला गमवायला काही नव्हतं.

पाचव्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. सेक्रेटरी. आले शेवटी! मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि चष्मा पुसून म्हणाले, "अरे, तो स्पीकर परत घूं करायला लागलाय."

मी काहीतरी घाणेरडं बोलणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

"आणि सिस्टरबाईंचं कळलं ना तुला?" ते म्हणाले. "न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय. तीन आठवडे झाले, ॲडमिट आहेत. आम्हाला वाटलं तू त्यांच्याजवळच असशील, म्हणून उपासनेला दिसत नाहीस."

तोच वॉर्ड होता. ज्या रांगेत आम्ही बसायचो त्याच रांगेत, खिडकीकडून तिसरी कॉट. तिचा चेहरा निम्मा झाला होता. मला बघून ती म्हणाली, "कुठे होतास?" आवाजात राग होता, आणि तो राग ऐकून मला हुंदका आला. मी खोटं बोलू शकलो नाही. स्टुलावर बसून सगळं सांगितलं. शिडी, हॅलोजन, "सगळे आले", चार रविवारांची माझी परीक्षा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तो फोटो छापून आल्यावर नीट बघ. मी तरी आहे का त्यात?"

मी स्टूल कॉटजवळ ओढलं.

"कुटुंबाप्रमाणे उभे राहा म्हणाले," ती म्हणाली. "मी कोणाच्यात उभी राहू? चहाचं बघते म्हणून आत गेले. दरवेळी तेच करते."

शिडीवरून मला अंगणातला एकूण एक माणूस दिसत होता. त्यात ती नाही हे मला दिसलं नव्हतं. मी फक्त माझी जागा शोधत होतो. अशी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही, आजही त्या क्षणाची आठवण आली की मान खाली जाते.

"प्रार्थना कर," ती म्हणाली. "दुखतंय खूप."

मी मोठ्याने कधीच प्रार्थना केली नव्हती. सगळा वॉर्ड ऐकत होता. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "देवा, सिस्टरबाईंना दुखतंय. मला इथे त्यांच्याशिवाय कोणी नाही. मी उशिरा आलो. बघ काहीतरी. आमेन."

"आमेन," ती म्हणाली. "पहिल्या वेळेच्या मानाने बरी होती."

त्यानंतर मी फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. सुटलो की सरळ वॉर्डात. तिला भरवायचं, वाचून दाखवायचं, आणि ती दटावून पाठवायची म्हणून शेजारच्या कॉटवरच्यांनाही विचारायचं की जेवलात का. रविवारी उपासनेला जायचो, स्पीकरही दुरुस्त केला. विनंतीच्या वेळी उठून सांगायचो, सिस्टरबाईंसाठी. माणसं डोळे मिटायची. दुपारी त्यांतली दोघं-चौघं वॉर्डात यायला लागली, डबे आणायला लागली. सेक्रेटरींच्या बायकोने तर मलाच दम भरला की बाहेरचं खातोस, तब्येत काय झालीये. दोन महिने असे गेले. हाड जुळलं नाही. छातीत पाणी झालं, आणि एका सकाळी मी शिफ्टवर असताना ती गेली.

दफन दुसऱ्या दिवशी उन्हात झालं. मंडळी सगळी आली होती. मी मागे, झाडाखाली, बॅटरीवरच्या स्पीकरची वायर धरून उभा होतो, कारण तिचा जोड सैल होता आणि हात सोडला की आवाज तुटत होता. गाणं झालं. शवपेटी दोरांवरून खाली सोडली. पाळक बाजूला झाले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "घरच्यांनी आधी माती द्यावी."

कोणी हललं नाही. मला वाटलं, नगरकडून कोणी आलं असेल. मीही मान उंच करून बघायला लागलो. पुढची माणसं मागे वळली, मग त्यांच्या मागची. एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आधी चीड आली. आवाज तर नीट येतोय, आता काय? सेक्रेटरी गर्दीतून माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या हातातली वायर काढून घेतली. "मी धरतो," ते म्हणाले. "तू पुढे हो."

माणसांनी वाट दिली. मी खाली वाकलो. माती कोरडी होती, हातात एक कडक ढेकूळ आलं. तसंच टाकलं असतं तर पेटीवर दणकन वाजलं असतं, आणि सिस्टरबाईंना झोपेत दचकायची सवय होती. दोन महिने मी ते रोज पाहिलं होतं. मी ढेकूळ मुठीत धरून फोडलं, बोटांनी चुरलं, पार बारीक होईपर्यंत. त्याला बराच वेळ लागला. मागे शंभर-सव्वाशे माणसं उन्हात उभी होती, पण मी मूठ उघडेपर्यंत कोणीही माती उचलली नाही.